दोन मिलिमीटरचा फरक

मित्रांनो, मी एक जुना जपानी कॅमेरा आहे. माझ्या खिडकीतून पाहिले की समोरचा माणूस दोनदा दिसतो. वरचे दातेरी चाक फिरवत दोन्ही आकृत्या एकमेकींवर आणल्या, की फोटो नेमका येतो. तुमच्या मोबाइलला हे काही करावे लागत नाही, म्हणून आधीच सांगितले.

जर्मन कॅमेरे समोर ठेवून आम्हाला घडवले, त्यामुळे पुष्कळ दिवस लोक आम्हाला नक्कल म्हणत. ते मला लागत असे. मग कोरियाच्या लढाईत छायाचित्रकारांनी आमच्या भिंगांतून आलेल्या फोटोंची धार पाहिली आणि बोलणे बदलले.

हात बदलत मी हौशीरामकडे आलो. तो आणे नावाच्या पठारावरचा, मेंढरे राखणाऱ्या घरातला. सैन्यात त्याच्याकडे फोटो काढण्याचे काम होते. त्याचा जोडीदार संपत हा डिंगोऱ्याच्या शेतकऱ्याचा मुलगा, त्याच्याकडे जर्मन कॅमेरा. खरे सांगतो, तो देखणा होता. त्याची खिडकी माझ्याहून लख्ख, आणि कळ दाबली तरी शेजारच्याला कळू नये इतका आवाज हळू. पण फिल्म घालायची तर तळ काढून ती खालून सरकवावी लागे. घाईत संपतची बोटे चुकत. माझी मात्र पाठच अख्खी निघे. हौशीराम चालता चालता फिल्म बदलत असे. संपत मला डबा म्हणे, हौशीराम त्याच्या कॅमेऱ्याला नवरदेव म्हणे, आणि दोघे एकाच ताटात जेवत.

एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई थांबली. पूर्वेकडच्या एका नदीकाठी, घर सोडून गेलेली माणसे होड्यांतून परतत होती. एका म्हातारीने उतरताच पदराची गाठ सोडली आणि त्यातले चुरमुरे एका जवानाच्या ओंजळीत घातले. जवानाला रडू आवरेना. हौशीराम आणि संपत शेजारी शेजारी उभे होते. दोघांनी एकाच क्षणी कळ दाबली. तेवढ्यात मागून कोणाचा तरी धक्का लागला आणि मी हललो.

फिल्म दोघांनी एकत्रच धुतल्या आणि कापलेल्या निगेटिव्ह एकाच डब्यात ठेवल्या. त्या क्षणाचे दोन फोटो आले, एक सुरेख आणि एक हललेला. सुरेख तो आपला, असे दोघांनाही मनापासून वाटले. खरे मला ठाऊक होते, पण सांगणार कसा?

निगेटिव्हचा डबा हौशीरामकडे राहिला. नोकरी संपल्यावर त्याने राजुरीत स्टुडिओ काढला. तो फोटो मोठा करून, खाली स्वतःचे नाव घालून, दारासमोरच लावला. एके दिवशी संपत भेटायला आला. त्याने फोटो पाहिला, नाव वाचले, आणि समोर आलेला चहा तसाच ठेवून तो एसटीला निघून गेला. त्यानंतर दोघे बोलले नाहीत. लग्नाच्या पत्रिकासुद्धा जाईनाशा झाल्या. राजुरीहून डिंगोरे तासाभराच्या वाटेवर आहे, मित्रांनो.

पुढे स्टुडिओ बंद पडला. मी कपाटात गेलो आणि माझ्या भिंगाला बुरशी धरली.

यंदा हौशीरामची नात संस्कृती कॉलेजसाठी जर्मन आणि जपानी कॅमेऱ्यांची तुलना लिहायला बसली. तिने मला बाहेर काढून मऊ फडक्याने पुसले. वाचताना तिला आढळले की माझ्या घडणीच्या कॅमेऱ्याची निगेटिव्ह चौतीस मिलिमीटर लांब असते, जर्मनची छत्तीस. तिने निगेटिव्हचा डबा उघडून पट्टी लावली. हललेली चौतीस भरली. सुरेख फोटोची छत्तीस.

तिने तीनदा मोजले आणि मग आजोबांना सांगितले. हौशीरामने पट्टी घेऊन दोन्ही निगेटिव्ह स्वतः मोजल्या. त्याची अवस्था पाहून ती म्हणाली की आपण सांगितले नाही तर कोणालाच कळणार नाही.

"मला कळलं ना," तो म्हणाला. "पायताण दे माझं."

त्याने फोटोखालचे आपले नाव खरवडून काढले. मुलगा भरत गाडी काढून आम्हा सगळ्यांना डिंगोऱ्याला घेऊन गेला. संपत ओट्यावर बसला होता. त्याला आता नीट दिसत नव्हते. कोण आले ते त्याच्या बायकोने, साधनाने सांगितले. हौशीरामने फोटो त्याच्या मांडीवर ठेवला.

"संपतराव, ह्यो फोटू तुमचा हाय. माझा हललेला व्हता. लई उशीर केला मी."

संपतने चौकट चाचपली आणि बाजूला ठेवली.

"फोटूचं काय घिऊन बसलास? चाळीस वर्सं तू आला न्हाईस."

हौशीराम ओट्यावर त्याच्या शेजारी बसला. संपतने चाचपडत त्याचा हात शोधला आणि धरून ठेवला. मग साधनाला सांगितले, की पावणं जेवल्याशिवाय जाणार नाहीत. त्याने पेटीतून आपला जर्मन कॅमेराही मागवला. इतक्या वर्षांनी आम्ही दोघे एका बाजेवर शेजारी पडलो. नंतर संस्कृतीने सोबत आणलेली फिल्म घालून मलाच उचलले आणि बुरशी धरलेल्या भिंगातून त्या दोघांचा फोटो काढला.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तू कोरड्या जागी ठेवा, अधूनमधून हातात घ्या. घरातल्या प्रत्येक फोटोमागे तो कोणी काढला ते लिहा. आणि नाव चुकीचे पडले असेल, तर ज्याचे हवे होते त्याच्याकडे वेळेत जा. हौशीरामला संपत ओट्यावर बसलेला भेटला. सगळ्यांनाच भेटतो असे नाही.