बर्फातली नळी

"अक्का, ही नळी ऊन कशी लागतीय? अन् बर्फाचा डबा कुठाय?"

२०१६ सालच्या डिसेंबरातला तो सोमवार. रक्ततपासणीच्या खोलीत तिथली तंत्रज्ञ महेश्वरी विचारत होती आणि वॉर्डातली मावशी गंगम्मा दारात धापा टाकत उभी होती. वरच्या मजल्यावर तिचे मालक, म्हणजे नवरा बसलिंगप्पा, शस्त्रक्रियेच्या टेबलावर होते. हृदय थांबवलेलं, अंग गार केलेलं, रक्त यंत्रातून फिरत असलेलं. अशा रक्ताच्या नळ्या खाली पोचवणं हे गंगम्माचं रोजचंच काम. आज रजा घे म्हटलं, तर म्हणाली, "माज्या मालकाचं रगात दुसरं कोन का नेईल?"

महेश्वरीनं नळी यंत्रात फिरवून काढली. रक्तपेशी तळाला बसून नळीत वर फिकट पिवळं पाणी यायला हवं होतं. आलं डाळिंबाच्या रसासारखं लाल. हृदयाला इजा झाली की काही एन्झाइमं रक्तात उतरतात, ती मोजायची होती. पण हिसक्यानं रक्तपेशी फुटल्या तरी आकडा फुगतो. हा आकडा वर गेला असता, तर डॉक्टरांना वाटलं असतं, हृदयच बिघडलं.

"खरं सांग, काय केलंस?"

गंगम्माचे डोळे भरले. "मानूस आदीच गार पडलाय गं. त्याचं रगात आनि बर्फात कसं घालू? पदरात गुंडाळलं, पोटाशी धरलं, अन् जिन्यानं पळत आले."

"अगं, ते काय विरजण हाय व्हय, उबेला ठेवायला?" महेश्वरीनं वर फोन करून दुसरी नळी मागवली.

"दुसऱ्या कुनाला धाड बाई. माजा हात चांगला न्हाय."

"तूच आण. बर्फात आण, अन् पळू नकोस."

जीव पुढं धावत होता, पण गंगम्मा एकेक पायरी सावकाश उतरली. डबा दोन्ही हातांत, काठोकाठ भरलेल्या घागरीसारखा.

या वेळी पाणी पिवळं आलं. आकडाही अशा वेळी असतो तेवढाच.

"लई दणकट हाय की गं तुजा नवरा!"

गंगम्मा तिथंच स्टुलावर बसली आणि पोटभर रडली.

बसलिंगप्पा पुढं कितीतरी सुगी जगले. येईल त्याला सांगत, "हिनं माजं रगात ताकागत घुसळलं हुतं!" मग एका पहाटे झोपेतच गेले. महेश्वरी आता त्या प्रयोगशाळेची प्रमुख आहे. नव्या मुलींना ती आधी नळी हातात कशी धरायची ते शिकवते.

गंगम्मा निवृत्त होऊन वळसंगला राहते. मालकांची समाधी शेतातच आहे. दर सोमवारी ती तांब्याभर पाणी घेऊन बांधाबांधानं जाते. बांध उंचसखल आहे, पण तांब्यातलं पाणी हिंदकळत नाही.