पन्नास मीटरची टेप

एमेरिताकाकूंचं स्वयंपाकघर सत्तर वर्षं जिथे होतं तिथेच आहे. जागा बदलली ती समुद्राने. आमच्या ला बोकिता या किनाऱ्यावरच्या गावात डिसेंबरचे वारे सुटले की लाटा किनाऱ्याकिनाऱ्याने वाळू ढकलत आणतात आणि आमच्या दारात टाकतात. शेजारच्या हॉटेलवाल्या बुएल्वासने मध्येच समुद्रात दगडांचा बांध घातला. वाळू त्याच्या बाजूला अडून राहिली. त्याचा किनारा फुगत गेला, आमचा लाटांनी खाल्ला. काकूंचं अंगण दोन वर्षांत गेलं.

मग शहरातल्या कचेरीतून येसिद आला, टेप घेऊन. पाण्यापासून पन्नास मीटर जागा सरकारी, म्हणजे सगळ्यांची, असा नियम. टेप थेट काकूंच्या चुलीला भिडली.

"काकू, तुम्ही किनाऱ्यावर अतिक्रमण केलंय. महिन्याभरात पाडून टाका."

"मी? अरे, मी इथेच जन्मले! अतिक्रमण केलं त्या समुद्राने. त्याला दे नोटीस."

"त्याचा पत्ता नाही ना आमच्याकडे," येसिद म्हणाला. चेष्टेने नव्हे, अगदी मनापासून.

काकूंचे डोळे भरून आले. त्या चुलीवर त्यांनी सात मुलं वाढवली होती. पण रडत बसणारी बाई नव्हे ती. "बरं, टेप काढलीच आहेस तर शेजारीही लाव की."

सगळं गाव बघत होतं, त्यामुळे लावावीच लागली. बुएल्वासच्या झाडून सगळ्या छत्र्या सरकारी वाळूत निघाल्या. पुढच्या रविवारपासून आम्ही डुलत्या खुर्च्या, भाताची पातेली आणि कपाटाएवढे स्पीकर घेऊन तिथे हजर.

सहा रविवार त्याने दात-ओठ खाल्ले. सातव्याच्या आधी क्रेन आणली. "वाळूच नको मला! बघू कुठे बसता ते!" म्हणत त्याने स्वतःच बांध उपटला. आम्ही टाळ्या वाजवल्या. डिसेंबरचे वारे आले आणि वाळू मुकाट्याने आमच्या वाटेला लागली.

कचेरीला चूल पाडायला यायला वर्ष लागलं, एवढा एकच त्यांचा गुण. येसिदने टेप लावली. ती अंगणाच्या बाहेरच संपली. त्याने डोकं खाजवलं आणि अहवालात लिहिलं : 'सदर महिलेने अतिक्रमण स्वखर्चाने मागे घेतले आहे.'

"आता कुठे निघालास?" काकूंनी विचारलं.

"हॉटेलात. पाणी त्यांच्या जेवणघराच्या पायरीला लागलंय. नोटीस द्यायचीय."

काकूंनी त्याच्यापुढे नारळाचा भात आणि तळलेला मासा ठेवला.

"मग आधी इथे जेवून घे, बाळा. तिथे आज तुला कोणी वाढणार नाही."