अनुपमाचं उजवं वळण

शारजातल्या अल नहदा भागात डोंगर नाही. टेकडी नाही, टेंगूळ नाही, रस्त्यातले गतिरोधक सोडले तर जमीन परातीसारखी सपाट. त्यामुळे वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी अनुपमाने फ्रान्सच्या डोंगरात सायकल चालवायचं मनावर घेतलं, तेव्हा चढ चढायला तिला एकच जागा सापडली. स्वतःच्या बिल्डिंगचं पार्किंग.

बिल्डिंगचे खालचे मजले नुसते गाड्यांचे. मजल्यामजल्याला जोडणारा चढाचा रस्ता, त्यावर पिवळे बाण, वर कॅमेरे. सकाळी सगळे दुबईच्या ट्रॅफिकमध्ये अडकायला निघून गेले की सगळं मोकळं. मग अनुपमा डोक्यावर हेल्मेट चढवून, पंजाबी ड्रेसची ओढणी घरी ठेवून, धापा टाकत वर जायची आणि ब्रेक दाबत खाली यायची. वॉचमन बदरुद्दीन पहिल्या दिवशी लिफ्ट बंद पडली का म्हणून विचारायला धावला होता. पुढे तो नुसता सलाम करायचा.

हे खूळ उर्मिलाताईंचं. उर्मिलाताईंचं जुमेरा लेक टॉवर्समध्ये कॉन्ट्रॅक्टिंगचं ऑफिस, आवाज साइटवर कमावलेला. त्या दरवर्षी चार ओळखीच्या बायकांना गोळा करून कुठेतरी सायकलवर घेऊन जात. यंदा जूनमध्ये फ्रान्स, आणि त्यातही पॅरिस नाही. मध्य फ्रान्समधला ओव्हेर्न नावाचा मुलूख, विझलेले ज्वालामुखी, त्यांच्यावर गवत, गवतावर गाई, आणि त्या गाईंच्या मधून जाणाऱ्या कच्च्या वाटा. मुलीने, ओवीने, नकाशा छापून आणला आणि अनुपमाने तो फ्रिजवर लावला. भाजणी परततानाही तिचं लक्ष तिकडे. एका गावाहून दुसऱ्या गावाला वाट कशी जाते, दगडी पाणवठा कुठे, कुरणाचं फाटक उघडून आत गेल्यावर ते पुन्हा लावून घ्यायचं, नाहीतर गाई बाहेर पडतात, हे सगळं तिला पाठ. माउंटन बाइकच्या वाटेची तिकडची खूण म्हणजे एक त्रिकोण आणि दोन गोल.

"समोसा आणि दोन लाडू," अनुपमा म्हणाली.

"आई, प्लीज डोन्ट से दॅट इन फ्रान्स," ओवी म्हणाली.

दत्तप्रसादला, म्हणजे नवऱ्याला, यातलं काही कळत नव्हतं. पण बायको फ्रिजसमोर उभी राहून हसते एवढं त्याला कळत होतं. पाणी हवं असलं तर तो नळाचं पिऊन घ्यायचा. लग्नाला बरीच वर्षं झालेला माणूस होता.

अनुपमाच्या मनातलं मात्र त्यालाही नीट ठाऊक नव्हतं. तिला इथलं ड्रायव्हिंग लायसन्स कधीच मिळालं नाही. टेस्टला बसली, की शेजारी परीक्षक येऊन बसायचा आणि तिचा क्लचवरचा पाय शिलाई मशीनवर ठेवल्यासारखा हलायचा. शेवटी तिने नाद सोडला. तेव्हापासून ती शेजारच्या सीटवर. बाजाराला, डॉक्टरकडे, ऑर्डरचे मोदक पोचवायला, सगळीकडे शेजारच्या सीटवर मांडीवर डबा घेऊन. रस्ता पुढे येतो तसा बघायचा. सायकल हे एकच वाहन असं होतं की ज्याचं हँडल तिच्या हातात होतं.

आणि उर्मिलाताईंनी नेमकी तिथेच अट घातली.

"आधी इथल्या हत्त्याच्या डोंगरात जायचं. तिथली निळ्या खुणेची सायकलवाट, एकाही वळणावर न उतरता. फ्रान्समध्ये आपली वाट निळ्याच खुणेची आहे. मागच्या वर्षी एक बाई प्रत्येक वळणाला उतरून चालत होती. आम्ही मुक्कामी पोचलो तोवर खानावळीचं स्वयंपाकघर बंद. ते फ्रेंच लोक एकदा चूल विझवली की देव आला तरी पेटवत नाहीत. बिस्किटं खाऊन झोपलो."

"आणि नाही जमलं तर?"

"तर सामानाची व्हॅन आहे ना! आरामात ये. ड्रायव्हरशेजारी जागा असते."

अनुपमा हसून "हो हो" म्हणाली आणि घरी येऊन कणीक इतकी जोरात मळली की पोळ्या लोण्यासारख्या झाल्या. एवढ्या लांब जाऊन पुन्हा ड्रायव्हरशेजारी? दुसऱ्या दिवसापासून तिने पार्किंगच्या फेऱ्या दुप्पट केल्या.

एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी ते पहाटेच हत्त्याला निघाले. दत्तप्रसाद गाडी चालवत होता, मागे सायकल, अनुपमाच्या मांडीवर उपम्याचा डबा. उजाडलं तेव्हा डोंगर दिसायला लागले, उघडेबोडके, तपकिरी, भाजलेल्या पापडासारखे कडा वळलेले. उर्मिलाताई आधीच हजर होत्या.

"यल्ला अनुपमा, ऊन चढायच्या आत. आज संध्याकाळी मला फ्रान्सला भाड्याच्या सायकलींचा आकडा कळवायचाय. आणि पुढच्या आठवड्यात इथे तापलेला तवा असेल. जे काय ते आत्ता."

निळ्या वाटेचा पहिला चढ अनुपमाने असा घेतला, की उर्मिलाताई मागून ओरडल्या, "अगं, दम लागतो का नाही तुला?" मग आलं डावीकडचं वळण, खडकाला बिलगून, चांगलंच अरुंद. अनुपमा त्यातून लोण्यातून सुरी जावी तशी गेली.

"क्या बात है! कुठे शिकलीस?"

"पार्किंगमध्ये!"

पुढचं वळण उजवीकडचं होतं. अनुपमा सरळ गेली. म्हणजे वाट उजवीकडे वळली आणि अनुपमा समोरच्या खडीत घुसली.

उठली, कपडे झटकले, मागे जाऊन पुन्हा आली. पुन्हा खडी. हँडल वळत होतं, पण अंग वळायला तयार नव्हतं. डाव्या खांद्याला जे काही समजत होतं ते उजव्याला कुणी सांगितलंच नव्हतं. तिसऱ्यांदा गुडघा खरचटला.

"खलास," उर्मिलाताई म्हणाल्या, पण हळू आवाजात. त्यांच्या हळू आवाजाचीच अनुपमाला जास्त भीती वाटली.

दोघी पायी खाली आल्या. दत्तप्रसाद पाण्याची बाटली घेऊन धावला. "लागलं? फार लागलं? घरी तर जमत होतं की गं!"

अनुपमा दगडावर बसली होती. डोळ्यांत पाणी आणि हात हवेत. त्या हाताने ती काहीतरी काढत होती. वर, डावीकडे. वर, डावीकडे.

"अहो," ती एकदम म्हणाली, "आपल्या पार्किंगमधले बाण कुठल्या बाजूला वळतात?"

"डावीकडे."

"चढताना?"

"डावीकडे. उतरतानाही डावीकडेच. वन-वे आहे ना."

"म्हणजे मी चार महिने..."

उर्मिलाताईंना समजायला क्षणभर लागला. "थांब. रिकामं पार्किंग. तू सायकलवर. आणि तू एकदाही उलट्या बाजूने गेली नाहीस?"

"कॅमेरा आहे तिथे," अनुपमा म्हणाली.

"अगं, सायकलला कोण फाईन मारणारे?"

"नाही, मारू शकतात," दत्तप्रसाद गंभीरपणे म्हणाला. "इथे काही सांगता येत नाही."

उर्मिलाताई त्या दोघांकडे आळीपाळीने बघत राहिल्या आणि मग जमिनीवर बसूनच हसायला लागल्या. "अरे देवा! बाणाच्या बाहेर म्हणून जात नाही गं तुम्ही दोघं!" अनुपमाला आधी राग आला, मग तिलाही हसू फुटलं, आणि हसता हसता रडूही. कारण हसून झाल्यावर व्हॅन होतीच.

ती उठली. "मला अर्धा तास द्या. आणि अहो, तुम्ही तिकडे मधोमध उभे राहा."

बाजूला खडीचं मोकळं मैदान होतं. दत्तप्रसाद निमूट मध्ये जाऊन उभा राहिला, बगलेत उपम्याचा डबा.

"आता?"

"आता काही नाही. मी तुमच्याभोवती फिरते. उजवा खांदा तुमच्याकडे ठेवून."

"प्रदक्षिणेसारखं?"

"प्रदक्षिणेसारखंच!"

लहानपणापासून किती देवळांत घातल्या असतील. तिथे कुणी पिवळे बाण काढलेले नसतात, तरी पाय कसे आपोआप त्याच बाजूने वळतात. अनुपमाने पायडल मारलं. पहिली फेरी एखाद्या मोठ्या देवळाच्या आवाराएवढी झाली. दुसरी गाभाऱ्याच्या बाहेरून. मग लहान, आणखी लहान. सायकल हळूहळू उजवीकडे कलायला लागली, आणि अनुपमाही तिच्याबरोबर.

"नवऱ्याकडे बघू नकोस!" उर्मिलाताई ओरडल्या. "पुढे बघ! जिथे जायचंय तिथे बघ!"

दत्तप्रसाद मात्र तिच्याकडे बघत होता आणि तिच्याबरोबर गरगर फिरत होता.

"अहो, देव फिरत नाही! स्थिर राहा!"

"घेरी येतेय गं मला!"

शेजारी एक इमिराती कुटुंब सतरंजी पसरून कॉफी पीत बसलं होतं. त्यांच्यातले एक म्हातारबाबा उठून काळजीने विचारू लागले, या भाईसाहेबांना काही झालंय का. "नो नो हबीबी," दत्तप्रसाद डोलत म्हणाला, "वाईफ लर्निंग राइट टर्न!" बाबांनी थोडा विचार केला आणि मान डोलावली. मग सतरंजीवरून टाळ्या सुरू झाल्या. "यल्ला मदाम! यल्ला!" कुणीतरी एक खजूर आणून दत्तप्रसादच्या हातात ठेवला, नैवेद्य ठेवावा तसा.

ऊन डोंगराच्या अर्ध्यावर उतरलं होतं, तेव्हा अनुपमा पुन्हा वाटेला लागली. उर्मिलाताई मागे, या खेपेला जरा अंतर ठेवून.

डावं वळण. ते तर घरचंच होतं.

उजवं आलं. समोर तीच खडी, तिच्या टायरांचे ओरखडे अजून तसेच. अनुपमाने खडीकडे पाहिलं नाही. वळणाच्या आतल्या अंगाला तिने मनातल्या मनात दत्तप्रसादला उभं केलं, बगलेत डबा, हातात खजूर, डोळे जरा तिरळे. त्याच्याकडे उजवा खांदा केला, आणि नजर पुढे, वाट जिथे बाहेर पडत होती तिथे. मागचं चाक किंचित सरकलं. पाय पायडलवरच राहिले.

आणि ती वळली.

"वळली!" उर्मिलाताई साइटवरच्या आवाजात ओरडल्या. "अगं वळलीस की गं!"

मग पुढच्या उजव्याला आणखी एक दत्तप्रसाद, त्याच्या पुढच्याला आणखी एक. सगळा डोंगर तिने नवऱ्यांनी भरून टाकला. माथ्यावर आली तेव्हा खाली धरणाचं निळं पाणी चमकत होतं, वारा गरम होता, घाम डोळ्यांत जात होता, आणि तिला वाटलं, आता समोर फाटक येईल आणि आपण ते मागे नीट लावून घेऊ. उतारावर तिने ब्रेक थोडे सोडले. अंग आधी डावीकडे गेलं, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे, आणि ती एकटीच मोठ्याने हसली.

खाली पोचताच उर्मिलाताईंनी सायकल आडवी टाकून फोन काढला. "संध्याकाळची वाट कशाला बघू? पाच सायकली कळवते. व्हॅनमध्ये फक्त बॅगा." दत्तप्रसादने डबा उघडला, चमचे काढले, रुमाल पसरला, आणि वर पाहिलं तर बायको जागेवर नव्हती.

तेवढ्यात ओवीचा फोन आला. "बाबा, व्हॉट हॅपन्ड? व्हेअर इज आई?"

दत्तप्रसादने डोळ्यांवर हाताची सावली धरून डोंगराकडे पाहिलं. तपकिरी खडकांत एक लाल हेल्मेट हळूहळू चढत होतं.

"उजव्या वळणावर आहे."

"ओ नो. स्टिल?"

"स्टिल नाही गं," दत्तप्रसाद म्हणाला आणि त्याने डब्याचं झाकण पुन्हा लावलं. "अगेन."