झऱ्याचा कोपरा

बोरमळ्याच्या तलावात मरळ होती, वाम होती, शिंगाळा होता. होता म्हणायचं आता. वरच्या अंगाच्या कारखान्याचं काळं पाणी ओढ्यानं खाली येतं, गावाची गटारंही त्यातच सुटतात, आणि तलाव असा हिरवागार की जवळून जाताना नाकाला पदर लावावा. मासळीत टिकली ती एकटी चिलापी. तीही पहाटे वर तोंड काढून हपापत असते. तक्रारी करून करून लोकांचे हात दुखले, पण प्रदूषण खात्याच्या साहेब लोकांचा पाय काही यवतच्या पुढं सरकला नाही. फोनवरच विचारायचे, “पाणी कसंय?” उंटावरून शेळ्या हाकायच्या, दुसरं काय!

सगळ्या तलावात एकच कोपरा चांगला राहिला होता. तिथं खडकातून झरा लागतो, पाणी नितळ, तळचे गोटे दिसावेत असं. कुशाबाईच्या ज्ञानूनं आणि त्याचा भागीदार फिरोज यानं तिथंच जाळीचा पिंजरा लावला आणि त्यात कटल्याची बोटुकली सोडली. बोटभर पिल्लं. ती तिथंच मोठी करायची आणि तिथूनच विकायची, असा दोघांचा बेत. ही जगली तर मासेमारी राहणार, नाहीतर फिरोजला बायकापोरं घेऊन भिगवणला मेहुण्याच्या दारात जायचं आणि ज्ञानूला कुरकुंभला कुठल्यातरी कंपनीच्या गेटवर उभं राहायचं. दोघंही डोळ्यांत तेल घालून पिंजरा राखत होते.

कुशाबाईलाही त्या पिल्लांचा लळा लागला होता. जाता-येता त्यांना कोंडा टाकायची, त्यांच्याशी बोलायचीसुद्धा. तिचा सगळा जन्म मेंढरांमागं गेलेला. ज्ञानूनं मेंढरांचा वाडा विकला तेव्हा बिरोबाच्या नावानं चार-दोन मेंढरं तिनं हट्टानं ठेवून घेतली. यंदा त्यांना गोचीड झाली, अशी की कानात बोट घालायला जागा नाही. तिनं बाजारातून औषध आणलं. दुकानदारानं सांगितलं, डोळ्यात जाऊ देऊ नका, हात धुवा. तिनं हात धुतले. संध्याकाळी मेंढरांच्या अंगाला औषध चोळलं. सकाळी बघते तर गोचिडी गळून पडलेल्या. म्हातारी खूश झाली.

आता कातरणी. आणि कातरणीआधी मेंढरं धुवायची, ही तर तिच्या आज्यापासूनची रीत. मळक्या लोकरीला कातरकरी हात लावत नाही. पण धुवायची कुठं? हिरव्या पाण्यात घातली तर अंगाला खरूज उठते, मागच्या साली उठलीच होती. तिनं मेंढरं झऱ्यावर नेली. पिंजऱ्यापासून लांब, झऱ्याच्या तोंडाशी उभी केली आणि एकेक चोळून धुतलं. मेंढरं मासे थोडीच खातात, असा तिचा साधा हिशोब होता.

मेंढरं वाळवून ती परत आली तर पिंजऱ्यातली पिल्लं गरगर फिरत होती. जाळीला धडकत होती, पालथी होत होती. दुपार व्हायच्या आत सगळी पोटं वर करून तरंगू लागली. जाळीबाहेर हिरव्या पाण्यात चिलापी मात्र नेहमीसारखी हपापत होती. कुशाबाईनं आपल्या हातांचा वास घेतला, तो औषधाचाच होता. रात्री काळं पाणी आलं नव्हतं. ते तिला ठाऊक होतं.

ज्ञानूनं मान खाली घातली ती वर केली नाही. फिरोजनं मात्र फोनवर व्हिडिओ काढला आणि कारखान्याच्या पाण्यानं मासे मेले म्हणून सगळीकडं धाडून दिला. त्याचं तरी काय चुकलं? एवढी वर्षं मासे त्या पाण्यानंच मेलेले. आणि काय नवल, दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांची जीप थेट तलावावर आली! संगं नमुन्याच्या बाटल्या. गाव गोळा झालं. इथलं बघून साहेब ओढ्यावर जाणार होते, कारखान्याचा पाइप सुटतो तिथलं पाणी भरून घेणार होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

निघता निघता त्यांनी सहज विचारलं, “आजी, तुम्ही इथंच असता ना? काळं पाणी आलेलं पाहिलंत?”

नुसतं ‘व्हय’ म्हटलं असतं तरी काम होतं. फिरोज तिच्याकडं बघत होता, आख्खं गाव बघत होतं. पण कुशाबाईला वाटलं, आपण आपलं खरं सांगितलं तर पुढचंही खरं मानतील. इमानानं बोलणाऱ्याचं सगळंच बोलणं धरतात, अशीच ती आजवर जगली होती.

“ही पिल्लं माज्या मेंढरांच्या औषदानं मेली,” ती म्हणाली. “मी हितं धुतली मेंढरं. पर सायेब, बाकीचा तलाव त्या काळ्या पाण्यानं मारलाय. चांगलं पाणी हितंच उरलं, म्हून मासंबी हितं आन् मेंढरंबी हितं. ते बगा चला.”

साहेबांनी पहिलं तेवढं लिहून घेतलं. तक्रार याच माशांची होती, त्याचं कारण मिळालं, मग ओढ्यावर जायची गरज उरत नाही, असं त्यांनी गोड आवाजात समजावलं. वर मेंढरं तलावात घालू नका म्हणून गावाला ताकीद दिली. बाटल्या रिकाम्याच परत गेल्या. लोक कुशाबाईकडं न बघता पांगले. पिंजऱ्याच्या एका बाजूच्या दोऱ्या फिरोजनं सोडल्या, आपली चप्पल घेतली आणि भिगवणला फोन लावत चालू लागला.

म्हातारी गोट्यांवर बसून राहिली. तिला रडूही येईना. मग ती ज्ञानूला म्हणाली, “बोलाव सायबास्नी माघारी. मी खोटं बोलले म्हून सांगते. बिरोबाची शपथ घेऊन सांगते.”

ज्ञानू मेलेली पिल्लं घमेल्यात भरत होता. त्याला तिचा राग आला नव्हता, तेच तिला सोसवेना.

“आये,” तो म्हणाला, “तू खोटं बोललीस, हे आता कोण खरं मानंल?”

आणि उरलेल्या दोऱ्या सोडायला तो पाण्यात उतरला.