जास्त ठोके, तो जिंकला

मी रिमोट बोलतोय. टीव्हीचा नाही. त्याला दिवसभर सगळे हात लावतात, त्याचं कौतुक मला सांगू नका. मी व्हिडिओ गेमचा रिमोट. दोन मुठी, दहा-बारा बटणं आणि लोंबणारी वायर. सध्या बिस्किटाच्या डब्यात पडून आहे. सोबत एक चष्मा आहे आणि फॅक्टरीचा जुना पास. ज्याचे ते दोन्ही, तो माणूस आता नाही.

त्याची एक गोष्ट मला ठाऊक आहे, दुसऱ्या कोणालाच नाही. म्हणून बोलतोय. नाहीतर मला बोलायची हौस नाही.

जन्म माझा परदेशातला. कोण्या बाईनं माझ्या पोटात स्क्रू कसले, तिचं तोंडही मी पाहिलं नाही. पहिलं घर मिळालं ते जबलपूरच्या कॅन्टोन्मेंटात, एका फौजी साहेबाचं. त्यांची मुलगी हरली की मला चावायची. तिच्या दातांचे व्रण अजून माझ्या डाव्या मुठीवर आहेत. साहेबांची बदली झाली आणि मी सदरच्या बाजारात, जुन्या सामानाच्या दुकानात येऊन पडलो. बदलीच्या वेळी माणसं कुत्रा नेतात, तुळशीची कुंडीसुद्धा नेतात. रिमोट नेत नाहीत.

तिथून मला सुनेत्रानं आणलं. ती शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानात कामाला. तिला खेळाचा शौक नव्हता. तिच्या बापाला, मोतीरामला, लकवा मारला होता. उजवी बाजू सगळी गेली.

मोतीराम चौतीस वर्षं फॅक्टरीत खरादावर, म्हणजे लेथ मशीनवर होता. सुताएवढा फरक नुसत्या बोटानं सांगणारा माणूस. डावा हात तो अन्नाला लावत नसे, म्हणून आता त्याची बायको भागीरथा पोळीचे घास करून त्याला भरवायची, आणि तो भिंतीकडे बघून गिळायचा. डॉक्टर म्हणाले होते, अंगठा हलवत राहा, जितका जास्त तितकं बरं. दाबायला एक रबरी चेंडू दिला होता. मोतीरामनं तो डाव्या हातानं खिडकीतून नालीत फेकला.

"मी काय लेकरू आहे काय?" तो म्हणाला. "मले एकच पाहिजे. माझी पोळी मले माझ्या हातानं तोडता आली पाहिजे. बाकी काही नको."

माझ्यासोबत खेळाचं मशीन आणि एकच सीडी आली होती. वरची अक्षरं परदेशी, कोणाला वाचता येईनात. खेळ गोल्फचा, पण कार्टूनवाला. भोपळ्याएवढी डोकी, शेवग्याच्या शेंगांसारखे पाय. पट्टीवर एक रेघ धावते, ती बरोबर जागी आली की बटण दाबायचं, चेंडू उडतो, आणि असे ठोके मारत मारत तो गड्ड्यात, म्हणजे झेंड्याखालच्या खड्ड्यात घालायचा. तळ्यात पडला तर बदक वर येऊन भांडतं आणि खेळणारं कार्टून जमिनीवर बसून रडतं. मोतीरामनं मिशीवाला म्हातारा घेतला. भागीरथेनं दोन वेण्यांची पोरगी घेतली. रिमोट मी एकटाच, म्हणून एकदा त्याच्या हातात, एकदा तिच्या. तिच्या हाताला लसणाचा वास यायचा.

सीडीवर ओरखडा होता. चौथ्या गड्ड्यानंतर चित्र अडकायचं आणि कोणी किती ठोके मारले त्या आकड्यांची नुसती पाटी दिसायची. कोण जिंकलं हे मशीननं कधी सांगितलंच नाही. पहिल्या दिवशी पाटीवर मोतीरामचे एकेचाळीस आणि भागीरथेचे तेवीस.

"एकेचाळीस," मोतीराम म्हणाला. "पाहून राहिली काय भागी? डबलच्या जवळ."

आणि हसला. चार महिन्यांत पहिल्यांदा, अर्ध्या तोंडानं.

क्रिकेट बघून मोठी झालेली माणसं ही. ज्याचा आकडा मोठा तो जिंकला, हे कोणी शिकवावं लागत नाही. सुनेत्रानं "पापा, वो तो उल्टा" एवढं म्हटलं, बापाचं तोंड पाहिलं आणि आपलं मिटलं. मग पडद्यामागं स्वयंपाकघरात आईला सांगितलं, "आई, गोल्फ में कम वाला जीतता है. पापा तर हरले न."

"लकवा त्यायले झाला, तुले नाही," भागीरथा म्हणाली. "तोंड बंद ठेव. लाटणं हातातच आहे माझ्या."

तीन महिने असे गेले. रोज संध्याकाळी चार गड्डे. भागीरथेला हरायचं तर चांगलं खेळावं लागायचं, म्हणून ती चांगली खेळायला शिकली. मोतीरामचा अंगठा बटणावरून घसरायचा, चेंडू झाडात जायचा, तळ्यात जायचा, आणि त्याचा आकडा वाढत राहायचा.

"आजही हरली तू. चल, चहा टाक."

"टाकते, साहेब. रोज हरायची सवय झाली आता."

मला मात्र त्याच्या अंगठ्यात जीव येताना कळत होता. आधी नुसतं वजन पडायचं. मग दाब आला. मग शेजारचं बोटही वळायला लागलं. एका रविवारी त्यानं चमचा धरला, थोडा वेळ का होईना.

आणि मग नीलकंठ आला. फॅक्टरीतला जुना सोबती. रिटायर झाल्यावर तो कॅन्टोन्मेंटातल्या गोल्फच्या मैदानाच्या गेटवर बसायचा. मोतीरामनं त्याला मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "तीन महिन्यांपासून हिले रोज हरवून राहिलो. काल एकोणचाळीस, हिचे एकवीस."

नीलकंठ पोट धरून हसला. "अबे मोती, पाच साल से वही खेल देख रहा हूं. कमी ठोक्यात जो गेंद गड्ड्यात घालते तो जिंकते. तू तर रोज हरून राहिला बे."

त्याच्या मनात काळं नव्हतं. पण माणसाला दुसऱ्याची चूक सुधारायची भारी हौस. चहा पिऊन तो निघून गेला. घरात जे मोडलं ते त्याला दिसलंच नाही.

मोतीरामनं बायकोकडे पाहिलं. "तुले माहीत होतं?"

भागीरथा तोंडावर खोटं बोलत नाही. "होतं."

"सुनेत्राले?"

"तिलेही."

"म्हणजे घरात मीच एक येडा."

"येडे काहून? डॉक्टरनं ठोके मारायले सांगितले होते, गड्डा भरायले नाही. ज्याचे ठोके जास्त तो जिंकला. या घरात असंच आहे."

"पोळी भरवते तसं हेही भरवलं तू मले," तो म्हणाला आणि मला खाली ठेवलं.

त्यानंतर अकरा दिवस त्यानं मला शिवलं नाही. बोटं पुन्हा मुठीत मिटली. डॉक्टरांनी हात चाचपून नुसती मान हलवली. त्या दिवशी भागीरथा पडद्यामागं कणीक मळता मळता थांबली आणि सुनेत्राला म्हणाली, "माझ्या खोट्यानं गेला तो हात."

मोतीरामनं ते ऐकलं. मीही ऐकलं.

भागीरथा अकरा वाजता शाळेत स्वयंपाकाला जायची, सुनेत्रा त्याआधीच दुकानात. दुसऱ्या दिवशी दोघी गेल्यावर मोतीरामनं डाव्या हातानं माझी वायर धरून मला ओढलं. टीव्ही बंद. माझ्यावर उजवा अंगठा ठेवला आणि दाबला. "एक." किती तरी वेळानं, "दोन." मग मला म्हणाला, "तुले तोंड नाही, हे बरं आहे."

रोज दुपारी हेच. वीस, चाळीस, सत्तर. एक वाजता शेजारची कलावती त्याला जेवू घालायला यायची. तिची चप्पल वाजली की मी उशीखाली. संध्याकाळी भागीरथेसमोर तो हात तसाच मेल्यासारखा ठेवायचा. "आधी पोळी," मला म्हणायचा, "मग सांगू तिले."

मार्च लागला होता. मंगळवार. कलावतीनं ताट आणलं. "भाऊजी, भरवते."

"ठेव तिथं. आता भूक नाही. तुह्या घरी पाहुणे आहेत न, जाय तू."

ती गेली. त्यानं मला उशीखालून काढून मांडीवर ठेवलं आणि तो भिंतीला टेकून सरळ बसला. पोळी तीनदा बोटांतून निसटली. तो घामानं भिजला. चौथ्यांदा अंगठा आणि बोट यांच्यात ती नीट आली, आणि तुटली. त्यानं घास वरणात बुडवला आणि खाल्ला. वरणाचा एक थेंब माझ्या गोल बटणाशेजारी पडला. मग दुसरा तुकडा तोडला, तो खाल्ला नाही. ताटाच्या कडेला ठेवला. "हा भागीले," म्हणाला.

आणि दाराकडे तोंड करून तिची वाट बघत बसला. ती चारला येणार होती. तीनच्या सुमाराला त्याची मान खांद्यावर कलली. मला वाटलं, झोपला.

नंतर घर माणसांनी भरलं. तुटलेल्या पोळीचं ताट भागीरथेच्या डोळ्यांसमोरून कोणी तरी उचलून नेलं. रडता रडता भागीरथेनं कलावतीला एकच विचारलं, "जेवले होते काय?"

"हो बाई," कलावती म्हणाली. "मीच भरवलं."

काय म्हणणार होती ती? माझ्या घरी पाहुणे होते म्हणून मरायच्या दिवशीच माणसाला उपाशी सोडून गेले मी, असं म्हणणार? मी तिला दोष देत नाही. या घरातलं ते दुसरं खोटं, आणि दोन्ही मायेचीच. पण पहिल्यानं एका माणसाला हसवलं होतं. दुसरं एका बाईला रोज खातंय.

दोन वर्षं झाली. सुनेत्रा मला कबाड्याला देऊ म्हणाली, तर भागीरथेनं तिला अशी झाडली की तिनं पुन्हा नाव काढलं नाही. भागीरथा मला घेऊन खेळत नाही. कधी तरी डबा उघडते, चष्मा पुसते, पास पुसते, पदरानं मला पुसते. बटणाशेजारी पिवळा डाग आहे. तिचं नख तिथं थांबतं. तिला वाटतं, डाग तिच्याच हाताचा. "माझ्यामुळं गेला तो हात," म्हणते आणि झाकण लावते. मला बारा बटणं दिली देवानं, एक शब्द दिला नाही.

म्हणून, कलावती, तुलाच सांगतो. तू रोज संध्याकाळी येतेस, या डब्याशेजारी बसून चहा पितेस. एक दिवस कप खाली ठेव आणि तिला म्हण, "बाई, त्या दिवशी मी भरवलं नव्हतं. ताट ठेवून गेली होती मी." शिव्या खाशील. लाटणंही खाशील. खा.

मग ती हा डबा उघडेल, माझ्या पिवळ्या डागावर नख ठेवेल. आणि अगदी हळू आवाजात तुला विचारेल, "मग पोळी कोणं तोडली?"