ओढ्यापलीकडचा नर

आयव्हन स्ट्रॅकनने नळीवरून तोंड काढलं, ओठ पुसले आणि लेस्टरकडे पाहिलं. लेस्टरने मांडीवरच्या वहीत पेन्सिलीने एकच शब्द लिहिला आणि वही फिरवून त्याच्यापुढे धरली.

'गाय.'

"गाय कशी असेल? चांगला पोटातून काढला की आवाज."

लेस्टरने वही परत घेतली, जरा विचार केला आणि आधी आणखी एक शब्द घातला.

'आजारी गाय.'

एप्रिलचा दुसरा आठवडा होता. दोघे बीच जातीच्या झाडाखाली, ओल्या शेवाळावर गोणपाट टाकून बसले होते. पुढे दोन हातांवर कडा, कड्याखाली खोल घळ आणि घळीच्या तळाला ओढा. या दिवसांत लाल हरणांचे नर माजावर येतात आणि महिनाभर डुरकण्याखेरीज दुसरा उद्योग करत नाहीत. एका नराने आव्हान दिलं की दुसरा उत्तर देतो, आणि उत्तर देत देत चाल करून येतो. आव्हान देणारा माणूस असला तरी येतो, फक्त सूर बरोबर लागला पाहिजे. त्यामुळे एरवी शहाणीसुरती असलेली माणसं या महिन्यात रजा काढून रानात जातात आणि झाडाआड बसून बैलासारखी ओरडतात. परत आल्यावर त्यांच्या बायका त्यांना मध आणि लिंबू देतात, विचारत काही नाहीत.

आयव्हन आणि लेस्टर एकतीस वर्षं जोडीने हे करत आले होते. कामाची वाटणी पहिल्या वर्षी झाली ती झाली: लेस्टर डुरकायचा, आयव्हन गोळी घालायचा. लेस्टर शाळेची बस चालवायचा, आयव्हन गोठ्यांमधले दुधाचे पंप दुरुस्त करायचा. दोघांनाही गावात कोणी मोठं मानत नसे. पण लेस्टरने रानात तोंड उघडलं, की तीन डोंगरांवरचे नर गप्प होत आणि मग एकदम तिन्हीकडून उत्तरं येत. शिकाऱ्यांच्या क्लबाच्या भिंतीवर मोठमोठ्या शिंगांशेजारी आयव्हनचे बारा फोटो आहेत. लेस्टर एकातही नाही. कॅमेरा त्याच्या हातात असे.

दोन वर्षांपूर्वी क्राइस्टचर्चच्या डॉक्टरांनी लेस्टरचा घसा कापून त्याचा जीव वाचवला. आवाज तिथेच राहिला. गळ्याला भोक, भोकावर निळा रुमाल. बोलायला एक यंत्र मिळालं होतं, गळ्याला लावलं की शब्द उमटत. लेस्टरने ते एकदा लावून पाहिलं, बायकोला 'मीठ दे' म्हटलं, आणि कायमचं मोज्यांच्या खणात ठेवून दिलं. मग ही वही.

जानेवारीत एकदा आयव्हन पडवीत पंप उघडून बसला असताना लेस्टर आला आणि त्याने लिहिलं, 'एकदा ऐकायचंय. समोरून उत्तर देताना.'

"मग डुरकणार कोण?" आयव्हनने विचारलं.

लेस्टरने पेन्सिलीचं टोक त्याच्याकडे केलं.

पुढच्या वर्षीच्या एप्रिलबद्दल डॉक्टरांनी काही सांगितलं नव्हतं आणि लेस्टरने विचारलंही नव्हतं. आयव्हनने पंपाच्या नळीचा हातभर तुकडा कापला आणि पडवीत सराव सुरू केला. तिसऱ्या दिवशी मॉइरा, त्याची बायको, दारात येऊन म्हणाली, "शेजारच्या गिल्बर्टचा फोन होता. विचारतोय, तुमच्याकडे कोणाचं बाळंतपण अडलंय का."

तर आता सकाळचे दहा वाजले होते आणि आजारी गाय चार वेळा ओरडून झाली होती. रान ढिम्म होतं. चावऱ्या माश्या तेवढ्या आल्या.

सोबत तिसरा होता ब्रेंट, लेस्टरचा जावई. नेल्सन शहरात विम्याच्या कंपनीत असायचा. सासऱ्याला एकट्या आयव्हनच्या भरवशावर सोडायचं नाही, असं बायकोने सांगितल्यामुळे आला होता. त्याच्याकडे पानापानांचं चित्र छापलेले कपडे होते, अंगाचा वास घालवणारा फवारा होता, अंतर मोजायचं यंत्र होतं, घडीची खुर्ची होती, आणि दुकानातून आणलेला एक नक्षीदार कर्णा होता. नुसतं हरीण आणायचं राहिलं होतं. सकाळीच तो म्हणाला होता, "मी ओढा ओलांडून थेट वर, खोऱ्याच्या टोकाला जातो. तुम्ही दोघं अलीकडेच ना? नक्की? नाहीतर मध्ये याल."

"आम्ही कसले ओढा ओलांडतोय," आयव्हन म्हणाला. "याचा पाय घसरला तर गळ्यातल्या भोकातून पाणी जाईल. बुडायला तोंड बुडायची गरज नाही त्याला."

लेस्टरने मान डोलावली होती, नवीन सोय झाल्यासारखी.

आयव्हनने पाचव्यांदा नळी तोंडाला लावली. या वेळी त्याने पोटाचा नाद सोडला आणि पंपात हवा शिरल्यावर जी घरघर होते ती आठवून आवाज काढला. तो आवाज घळीत उतरला, खडकांवर आपटला, वर आला.

आणि पलीकडून उत्तर आलं.

खोल, लांबलचक, शेवटी तीन धापा. लेस्टरची पेन्सिल खाली पडली. त्याने आयव्हनचं मनगट धरलं, सोडलं, डोळे मिटले आणि मान थोडी कलती केली, बसमध्ये मागच्या बाकावरची कुजबुज ऐकायची त्याची जुनी सवय होती तशी. रुमाल आतबाहेर होऊ लागला.

आयव्हन पुन्हा डुरकला. पुन्हा उत्तर. चढ्या सुरात, चिडलेलं. आयव्हनने रायफलला हात लावला नाही, दुर्बीण उचलली आणि पलीकडची दरड खालून वर निरखत गेला. दरडीच्या मधोमध एका सपाट दगडाशेजारी घडीची खुर्ची होती. खुर्चीत ब्रेंट बसला होता. खोऱ्याच्या टोकापर्यंत त्याच्या गुडघ्यांनी साथ दिली नसावी. दोन्ही हातांत कर्णा, गाल फुगलेले, रायफल मागे पिशवीला टेकवलेली.

पलीकडे माणूस आहे हे कळलं, की त्या क्षणी उभं राहून ओरडायचं, हा नियम. क्लबात नव्या पोरांना तीस वर्षं तो आयव्हननेच शिकवला होता. नियम न पाळता एकमेकांशी नरासारखं बोलत बसलेली माणसं त्याने बघितली होती. त्यांतला एक, गोळी लागून, आता चर्चच्या मागच्या दफनभूमीत होता.

त्याने हाक मारायला श्वास घेतला आणि शेजारी बघितलं.

लेस्टरचं तोंड किंचित उघडं होतं. दोन वर्षांत आयव्हनने तो चेहरा पाहिला नव्हता. त्याला फक्त इस्पितळातला चेहरा माहीत होता, आणि त्याआधीचा तो विसरत चालला होता.

मध्ये घळ होती. सातशे मीटर तरी अंतर. आयव्हनने बूड सरकवून स्वतःला लेस्टरच्या पुढे आणलं, डाव्या हाताने दुर्बीण ब्रेंटवर धरली, उजव्या हाताने नळी. ब्रेंटचा हात रायफलकडे गेला की ओरडायचं, असं त्याने स्वतःशी ठरवलं, आणि घसा खरवडून डुरकला.

ब्रेंट खुर्चीतून उठलाच. त्याने असं काही उत्तर दिलं की दरडीवरचे पक्षी उडाले.

तासभर हे चाललं. विम्याचा अधिकारी आणि निवृत्त पंपदुरुस्त्या एकमेकांच्या माद्या पळवायच्या धमक्या देत होते. मध्येच ब्रेंटने सँडविच खाल्लं. तेवढा वेळ आयव्हनही गप्प बसला. शेवटी ब्रेंटने कर्णा ठेवला आणि पिशवीकडे वाकला, तेव्हा आयव्हनने नळी फेकली, टोपी काढली आणि उभं राहून ओरडायला तोंड उघडलं. फक्त हवा आली. पण ब्रेंटने पिशवी उचलून खांद्याला लावली होती. खुर्चीची घडी करून तो दरड उतरला आणि झाडीत गेला.

आयव्हन खाली बसला.

लेस्टरने डोळे उघडले, पेन्सिल शोधली. 'मोठा आहे.'

"मोठाच," आयव्हन कुजबुजला. "माग काढू या?"

लेस्टरने ओढ्याकडे बोट केलं, मान हलवली. मग लिहिलं, 'असू दे त्याला.'

संध्याकाळी पत्र्याच्या खोपटात ब्रेंटने सॉसेज परतत हकीकत सांगितली. लेस्टरपुढे कुस्करलेला बटाटा होता.

"तासभर बोलत होता माझ्याशी! तुमच्याच बाजूला होता. तुम्हाला ऐकू नाही आला?"

"आला," आयव्हन म्हणाला.

"तुमच्या घशाला काय झालं?"

"सर्दी."

"पण आवाज विचित्र होता हां. घरघरल्यासारखा. लेस्टर, तुम्ही जाणकार. कसला नर म्हणायचा हा?"

लेस्टरने चमचा ठेवला आणि बराच वेळ लिहिलं. ब्रेंटने वही दिव्यापाशी नेऊन मोठ्याने वाचलं:

"'म्हातारा. दात पडलेले. आवाज आधीपासूनच वाईट. पण जागा सोडली नाही.'"

आयव्हन तव्याकडे बघत राहिला. एकतीस वर्षं नरांशी बोललेल्या माणसाला दुकानातल्या कर्ण्याचा सूर ओळखू येणार नाही, असं आपण कशावरून धरून चाललो, हे त्याला आता कळेना.

"आणि शिंगं?" ब्रेंटने विचारलं. "किती टोकं असतील?"

लेस्टरने दोन्ही पंजे उघडून धरले. मिटले. मग पुन्हा चार बोटं.

"चौदा," ब्रेंट म्हणाला आणि खाली बसला. जरा वेळाने उपग्रहाचा फोन काढून तो बायकोला हे सांगायला लागला.

आयव्हन चहाचे मग विसळायला बाहेर टाकीपाशी आला. लेस्टर फडकं घेऊन मागोमाग आला. सूर्य डोंगराआड गेला होता, वरच्या माळावर अजून उजेड होता.

त्या माळावरून आवाज आला. ओढ्याच्या अलीकडून, खोपटाच्या मागून, तीनशे पावलांवरून. सुरुवात जमिनीत झाली आणि पत्र्याला कंप सुटला. त्याला कर्णा म्हणता आलं नसतं, नळीही म्हणता आलं नसतं.

दोघे होते तिथे थांबले. आयव्हनने तोंड उघडलं, घसा ताणला. शीळही निघाली नाही. लेस्टरचा रुमाल भराभर हलत होता.

नराने वाट पाहिली. मग पुन्हा आव्हान दिलं आणि पुन्हा वाट पाहिली. आत ब्रेंट फोनवर म्हणत होता, "अगं, चौदा."

तिसरी हाक बरीच वरून आली, डोंगराच्या धारेपलीकडे तोंड करून दिलेली. त्यानंतर ओढ्याचाच आवाज उरला. लेस्टर आणखी थोडा वेळ तिकडे मान कलती करून उभा होता. मग त्याने आयव्हनच्या हातातला ओला मग घेतला आणि पुसायला लागला.