दहावा शब्द

अंबरनाथच्या त्या घरात माईंचा एक नियम होता : दहा शब्द पुरे झाल्याशिवाय खुर्चीवरून उठायचे नाही. ऑर्डनन्स फॅक्टरीतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेल्या त्यांच्या यजमानांना, श्यामकांतरावांनाही, त्यातून सूट नव्हती. वरिष्ठांपुढे इंग्रजी अडखळल्याचे शल्य होते, म्हणून उतारवयात त्यांनी शब्द पाठ करणे मनावर घेतले होते. जुन्या लग्नपत्रिका कापून हजारभर चिठ्ठ्या केल्या; एका बाजूला मराठी अर्थ, दुसऱ्या बाजूला अवघड इंग्रजी शब्द, माईंसाठी देवनागरीत. रोज चारच्या चहानंतर माई अर्थ वाचत, ते शब्द सांगत.

गेल्या कार्तिकात एके दिवशी नऊ शब्दांनंतर ते म्हणाले होते, "सरकार, जरा उठू का? छातीत जड वाटतंय."

"एकच राहिलाय. आधी तो सांगा."

तो त्यांनी सांगितला नाही. खुर्चीतच मान कलली. आपण त्यांना उठू दिले नाही, हे माईंनी कुणालाही कळू दिले नव्हते.

आता त्याच खुर्चीत नात बसली होती. राजसीची परदेशी शिक्षणासाठीची परीक्षा आठवड्यावर आली होती आणि चिठ्ठ्या तिनेच माळ्यावरून काढल्या होत्या.

"मोजके बोलणारा."

"लॅकॉनिक. म्हणजे या घरात तू सोडून सगळे, माई."

"जीभ आवर. क्षणभर टिकणारे."

"एफेमरल."

सहाव्या शब्दापासून तिची थट्टा थांबली. आठव्याला ती खाकरली, दोनदा, भरड्या घशाने. माईंनी चष्म्यावरून पाहिले. चैत्राच्या उकाड्यात पोरीचे ओठ निळसर पडले होते.

"एकदा धरले की न सोडणारा," माईंनी नववा अर्थ वाचला.

"टेनेशस." आवाज राजसीचाच होता, त्यातला संथपणा तिचा नव्हता. "सरकार, जरा उठू का?"

ही हाक एकांताबाहेर कधी कुणी ऐकली नव्हती. माईंनी दहावी चिठ्ठी उचललेली होती. सवयीने जिभेवर आलेले वाक्य त्यांनी गिळले आणि चिठ्ठी न वाचताच पालथी ठेवली.

"उठा," त्या म्हणाल्या. "राहू द्या तो शब्द. चुकलं माझं."

राजसी उठून स्वयंपाकघरात गेली. घटाघट पाणी प्यायल्याचा आवाज आला, मग तिचा नेहमीचा स्वर : "काय गं माई, आज नवावरच सोडलंस? बरं नाही का तुला?"

समोरच्या रिकाम्या खुर्चीचा वेत करकरला; दोन्ही हातांवर भार देऊन एखादा जड माणूस सावकाश उठावा, तसा.

माईंनी पाय आखडून घेतले आणि वाट करून दिली.